मदत हवी आहे: युद्धातली चित्रं काढलेली पत्रं कशी जपायची?

मंडळी, फोंड्याचं जुनं घर आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत आजीच्या मामाची १९४४ ची १४ पत्रं मिळाली, ते बेळगावला मराठा पलटणीत भरती झालेले आणि तिथून थेट इटलीत, मूळचे साईनबोर्ड रंगवणारे त्यामुळे मजकूर चार ओळी आणि बाकी सगळी चित्रंच! चिखलात रुतलेलं खेचर, मेसटिनात (सैनिकाच्या जेवणाच्या डब्यात) पाणी घेऊन दाढी करणारा हवालदार, ऑलिव्हची झाडं. सेन्सॉरने गावाचं नाव काळं केलंय पण चित्र तसंच सोडलंय, हसू आलं. एक एअरग्राफ पण आहे, म्हणजे पत्राचा मायक्रोफिल्मवर फोटो काढून इकडे छोटी प्रिंट द्यायचे तो प्रकार, त्यातलं चित्र इतकं बारीक की भिंग लागतं.

आता पावसाळा तोंडावर, दोन पत्रांना कसर लागलीय, शाई पण पसरतेय. शेजारचे म्हणतात लॅमिनेशन कर, मला ते अजिबात पटत नाही, एकदा केलं की कागद परत सुटा होत नाही. पणजीच्या पुराभिलेख खात्यात कोणी घरचे कागद दाखवलेत का? आणि अॅसिड-फ्री (आम्ल नसलेला) कागद गोव्यात कुठल्या दुकानात मिळतो? घड्यांवर फाटलेली पत्रं उघडून स्कॅन करू की आधी कोणाला दाखवू?