आपली कालव्यातली बोट (१२ हिस्सेदार): बॅटरी भरायला सोलर पॅनेल की वाऱ्याचा पंखा?

मीनल (हिस्सा ९): ब्रॉन्स्टनला बोटीवर आत्ता पोचलो. बॅटरी ११.७ व्होल्ट. फ्रिज मेलेला, पाण्याचा पंप गचके देतोय. आधीच्यांनी फ्रिज चालू ठेवून कुलूप लावलंय. नावं घेत नाही.

संदीप (हिस्सा ८): घ्या की नाव, वहिनी. आम्ही निघालो तेव्हा १३.१ होती. वर फोटो आहे.

शिरीष (इंजिन): इंजिन बंद केल्या केल्या घेतलेला आकडा धरायचा नसतो. सगळं बंद करून दोन-तीन तासांनी बघायचं. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.७ म्हणजे जवळपास रिकामी. लेड-अॅसिड अशी वारंवार झोपवली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग १०० अँपिअर-तासाची (एएच) बॅटरी ४० चीच उरते.

देशपांडे काका: म्हणून मी मार्चपासून सांगतोय. पवनचक्की. इंग्लंडात ऊन कुठे? वारा बारा महिने, रात्रीसुद्धा.

अनघा (खाते): काका, आधी खर्च बघू. फ्रिज ४५ एएच, फोन-लॅपटॉप २०, दिवे ५, पंप ५. थंडीत डिझेल हीटरचे आणखी १५. म्हणजे दिवसाला ९० एएच, साधारण ११०० वॅट-तास. आपल्या ११० च्या चार बॅटऱ्यांतून निम्मंच काढायचं, म्हणजे २२०. अडीच दिवस. मूरिंगला (बोट बांधतो तिथे) शोअर पॉवर, म्हणजे काठावरची वीज नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवशी बोंब ठरलेली.

देशपांडे काका: [स्क्रीनशॉट] आज वारा ताशी २२ किलोमीटर. ऊन शून्य. बोला आता.

अनघा (खाते): तो आकडा उघड्या माळावर १० मीटर उंचीचा असतो. आपला खांब छपरावरून जेमतेम अडीच मीटर, एका बाजूला कुंपणाची झाडी, दुसरीकडे बांध. तिथे वारा निम्मा झाला तर वीज निम्मी नाही, एक अष्टमांश होते, कारण ती वेगाच्या घनात चालते. ०.९ मीटर व्यासाचं पातं ६ मीटर प्रतिसेकंद (ताशी २२ किलोमीटर) वाऱ्यात २६ वॅटच्या आसपास देतं, ३ मध्ये ३ वॅट. चोवीस तास फिरलं तरी ६ एएच. तेही फिरलं तर. बरेच पंखे ३ ला जेमतेम चार्जिंग सुरू करतात.

संदीप (हिस्सा ८): ३ वॅट 😂 देवघरातला दिवा लागेल.

वैशाली (हिस्सा ३): शुभ सकाळ 🌸 स्टीलचा डबा बोटीवर राहिलाय का कुणाचा? झाकणावर 'वै' लिहिलंय.

मीनल (हिस्सा ९): डबा नंतर बघू. पंखा लावलाच तर पुलाखालून जाताना काय?

शिरीष (इंजिन): खांब दर वेळी आडवा करायचा. ग्रँड युनियन कालव्यावर पुलांची रांग आहे, शिवाय ब्लिसवर्थचा बोगदा २८०० मीटरचा. ट्रिंगच्या खोल चरातून गेलात तर वाराच नाही. आणखी एक, खांब पोलादी छपराला घट्ट बोल्ट केला की गुणगुण अख्ख्या केबिनमध्ये घुमते. रबरी माउंट घातले तरी शेजारची बोट तक्रार करणारच.

देशपांडे काका: पण डिसेंबरात तुमचं पॅनेल काय देणार? वारा बारा महिने.

अनघा (खाते): हा मुद्दा मात्र काकांचा बरोबर. छपरावर सपाट ठेवलेलं ४०० वॅट जूनमध्ये दिवसाला १६०० वॅट-तास देईल, म्हणजे १३० एएच. डिसेंबरात तेच १३ एएच. दुपारी बारालाही सूर्य १५ अंशांवर असतो. पॅनेल दक्षिणेला कलतं केलं तर बरं, पण निघताना आडवं करायला विसरलात की पहिल्याच पुलाला काचांचा चुरा.

संदीप (हिस्सा ८): विसरणारे कोण ते सगळ्यांना माहीत आहे.

मीनल (हिस्सा ९): पंप-आउट करायला (संडासाची टाकी उपसायला) विसरणारेही माहीत आहेत, भाऊजी.

[हा मेसेज डिलीट केला आहे]

शिरीष (इंजिन): मूळ मुद्द्यावर या. थंडीत इंजिन चालवावंच लागणार. रात्री ८ ते सकाळी ८ इतर बोटींजवळ चार्जिंगसाठी इंजिन चालवायचं नाही, कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल ट्रस्टचा नियम आहे. सकाळी तास-दीड तास चालवलं की बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भरभर भरते. उरलेल्या २० ला चार तास लागतात, कारण ती करंटच कमी घेते. तेवढ्यासाठी डिझेल जाळणं मूर्खपणा. ते काम पॅनेल फुकटात करतं. त्यामुळे २०० वॅटचे दोन, ताठ काचेचे. चिकटवायचे लवचिक नकोत, तापलेल्या पोलादावर भाजून थर सुटतात.

अनघा (खाते): दोन्ही एकामागे एक जोडायचे (सीरिज) की समांतर (पॅरलल)?

शिरीष (इंजिन): पॅरलल. झाडाची, चिमणीची किंवा छपरावर ठेवलेल्या बांबूची सावली एकावर पडली तर दुसरं चालू राहतं. करंट २० अँपिअरवर जातो, म्हणून तार ६ चौ. मिमी. पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीला देणारा एमपीपीटी कंट्रोलर १००/३० (व्होल्ट/अँपिअर), बॅटरीपासून मीटरभराच्या आत, तिथे १० ची तार आणि बॅटरीच्या टोकाशी ४० अँपिअरचा फ्यूज. आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना उलट. फ्रेम अॅल्युमिनियमची, छप्पर पोलादाचं, मध्ये नायलॉनचे वॉशर घाला, नाहीतर ओल बसून फ्रेम खाल्ली जाईल. खाली बोटभर हवा खेळू द्या. उंची हातकठड्याच्या वर नको, आणि लॉकमध्ये (बोट वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्यात) छपरावरून चालायला एक बाजू मोकळी.

देशपांडे काका: मग याच कंट्रोलरला पंखाही जोडू. दोन्ही होईल.

शिरीष (इंजिन): नाही हो काका! बॅटरी भरली की सोलर कंट्रोलर वाट तोडतो. पॅनेलला फरक पडत नाही, पण भार गेलेला पंखा वादळात पिसाट सुटतो. त्याला वेगळा कंट्रोलर आणि जादा वीज जिरवायला रेझिस्टर लागतो. खाडीच्या तोंडाशी उघड्यावर नांगरलेली बोट असती तर मीच पंखा म्हटलं असतं.

अनघा (खाते): पॅनेलवर शिक्कामोर्तब? हरकत असेल त्यांनी रविवारपर्यंत लिहा. गप्प राहून नंतर वर्गणीच्या वेळी बोलू नका.

वैशाली (हिस्सा ३): 👍 डबा?

देशपांडे काका: माझी हरकत नाही. पण लिहून ठेवा, ऊन कुठे आहे? वारा बारा महिने.

मीनल (हिस्सा ९): डबा सापडला. फ्रिजमध्ये. आत श्रीखंड आहे. म्हणजे फ्रिज कुणासाठी चालू होता ते कळलं.

संदीप (हिस्सा ८): 🙏 मला आता कुणी सॉरी म्हणेल का?