वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन, बजेट ४० हजार. सल्ला हवा

घोडनदीकर: वडील (वय ७२) काल घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलंय, बॉल बदलावा लागेल असं डॉक्टर म्हणाले. इथल्या खाजगी दवाखान्यात वजन बांधून ठेवलंय. केशरी रेशनकार्ड आहे, घरचं उत्पन्न वर्षाला दीड लाखाच्या आत. ४० हजारांच्या वर जमणार नाही. पुण्यात मोफत किंवा सवलतीत कुठे होईल?

सदाशिव_पेठ: सरळ चांगल्या खाजगी हॉस्पिटलात न्या. दीड-पावणेदोन लाख जातील, पण इम्प्लांट (आत बसवायचा कृत्रिम बॉल) उत्तम प्रतीचं मिळेल. आईवडिलांच्या बाबतीत काटकसर करू नये.

कागदपत्रवाला: बजेट ४० हजार आहे हो, धागा नीट वाचा.

घोडनदीकर, ट्रस्टच्या रुग्णालयात जा. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नमर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तुम्ही मोफतमध्ये बसता. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागेल. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, जुना असेल तर आजच सेतूत अर्ज टाका.

रेवती_म: +१. ट्रस्टच्या रुग्णालयात आधी बिलिंग खिडकीवर जाऊ नका, समाजसेवा विभागातल्या कार्यकर्त्यांना गाठा. डिपॉझिट भरून साध्या रुग्णाच्या खात्यात नोंद झाली की नंतर ती निर्धन गटात बदलून घेताना नाकी नऊ येतात. अर्ज दाखल होतानाच द्यायचा आणि प्रतीवर शिक्का घ्यायचा.

"खाटा भरल्यात" असं तोंडी सांगतील. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रुग्णालयनिहाय रिकाम्या खाटा दिसतात, ते पान मोबाइलवर उघडून समोर धरा. तरी नाही म्हणाले तर लेखी मागा आणि सहधर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करा.

सदाशिव_पेठ: फुकटच्या खाटेवर इम्प्लांटचे पैसे वेगळे घेतातच. सगळीकडे तेच.

रेवती_म: निर्धन रुग्णाकडून नाही घेता येत. औषधं, इम्प्लांट, बाकीचं साहित्य रुग्णालयाच्या खरेदी किमतीला धरून निर्धन रुग्ण निधीतून वळतं करायचं असतं. त्यासाठीच एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम त्या निधीत बाजूला काढतात. निम्म्या सवलतीच्या गटाला मात्र औषध-इम्प्लांटचे निम्मे पैसे द्यावे लागतात. लोक हे दोन गट एकत्र करतात आणि गैरसमज पसरतो.

माउली७७: महात्मा फुले जनआरोग्य योजना. रेशनकार्ड, आधार, ५ लाखांपर्यंत कॅशलेस. टोल फ्री १५५३८८. विषय संपला.

कागदपत्रवाला: इतक्यात संपत नाही. रेशनकार्डावर 'दत्तात्रय' आणि आधारवर 'दत्तात्रेय' असलं तरी मंजुरी अडते. वडिलांचं नाव थोरल्या भावाच्या कार्डात असेल तर ते कार्ड न्यायचं. कार्डाची ऑनलाइन नोंद आहे ना, हे दुकानदाराकडून तपासून घ्या. आणि आधी भरलेले पैसे या योजनेतून परत मिळत नाहीत, म्हणून मंजुरीआधी रोख भरू नका.

सांजवात: कोणीच वयाकडे पाहिलं नाही का? वडील ७२ वर्षांचे आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या वरच्या प्रत्येकाला उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांचं. फक्त आधार लागतं, त्यामुळे रेशनकार्डावरच्या नावाचा घोळ आडवा येत नाही. वय आधारवरच्या जन्मतारखेने धरतात. रुग्णालय आयुष्मानच्या यादीत आहे का आणि ही शस्त्रक्रिया तिथे होते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) निघण्याआधी फोन करून विचारा.

माउली७७: मी तेच म्हणत होतो. योजना.

हाडवैद्य_नव्हे: कागदांत दिवस घालवू नका! या वयात खुब्याचं ऑपरेशन शक्यतो ४८ तासांत व्हावं. पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताची गुठळी होते, आणि जीव त्यातच जातो. दर दोन तासांनी कूस थोडी बदला, दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कधी घेतली ते डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा, त्यावर भुलीचा प्रकार ठरतो. एक्स-रे मूळ प्रतच न्या, मोबाइलमधल्या फोटोवर भागत नाही.

सदाशिव_पेठ: म्हणूनच खाजगी म्हणतोय. आणि मेडिक्लेम वेळेवर काढत जा लोकहो.

रेवती_म: वॉकर, कमोड खुर्ची, एअरबेड विकत घेऊ नका. रुग्णसाहित्य केंद्रं अनामत घेऊन देतात, परत केलं की अनामत मिळते. वॉकरची उंची मनगटाच्या रेषेत हवी.

घोडनदीकर: सर्वांचे आभार. ट्रस्टचं रुग्णालय नको असं घरात ठरलं. औंधच्या जिल्हा रुग्णालयात नेतोय. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे, आणि भाऊ सांगवीत राहतो, त्यामुळे डबा आणि रात्रीची पाळी दोन्ही जमेल. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय, आणून दाखवा म्हणाले. वय वंदना कार्डही काढतोय, तिथे उशीर होतोय असं दिसलं तर दुसरीकडे हलवायला. इथल्या दवाखान्याकडून रेफरची चिठ्ठी आणि मूळ एक्स-रे घेतलेत.

सदाशिव_पेठ: सरकारीत?? बघा बुवा.

सांजवात: योग्य आहे. गाडीत आडवं झोपवूनच न्या, दुखऱ्या पायाच्या दोन्ही बाजूंना चादरीची गुंडाळी घट्ट लावा. जाताना लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहू द्या.