उंच शहरं, जुनी शहरं आणि आपलं ऊन : खान्देशकरांनो, तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, जळगाव
पारा 45 च्या वर गेला की जळगावात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. माझं आजोळ एरंडोलकडचं. धाब्याचं घर, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती. मे महिन्यातही मधल्या खोलीत पांघरूण घेऊन सुखानं झोप लागायची. आता आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो आणि पश्चिमेची भिंत रात्री जेवणं झाल्यावरही हाताला गरम लागते. इतकी वर्षं आपल्याकडे उंच म्हणजे महापालिकेची 'सतरा मजली'. आता जो तो टॉवरचं बोलतो. म्हणून बाहेर राहिलेल्यांना विचारते: तुमच्या शहरात पायी चालणाऱ्याला सावली होती का? बसायला ओटा होता का?

यावलकर, मुक्काम दुबई
बुर्ज खलिफा 828 मीटर, 163 मजले. पहिल्यांदा मान वर करून पाहिलं तेव्हा खरंच ऊर भरून आला. माणसानं हे उभं केलं! पण जुलैच्या दुपारी त्याच्या पायथ्याशी चालणं नको होतं. एसीतून निघायचं आणि दुसऱ्या एसीत शिरायचं.

त्याच दुबईत खाडीकाठी अल फहिदी नावाची जुनी वस्ती आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की एका घराची सावली समोरच्या घरावर पडते. छपरांवर 'बारजील' म्हणजे चौकोनी मनोरे, चारी बाजूंनी उघडे. वारा कुठूनही येवो, तो खाली खोलीत उतरतो. वीज नव्हती तेव्हाची ही सोय. ती वस्ती छान जपली आहे, पण आता तिथे संग्रहालयं आणि कलादालनं आहेत, नांदते संसार फारसे उरले नाहीत. याचं मला वाईट वाटतं.

धुळेकर, धुळं
जुन्याचं एवढं कौतुक ऐकलं की मला बोलावंसं वाटतं. आमच्या गल्ल्या सरळ आणि नंबरवार आहेत, कारण 1819 च्या सुमारास इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जनं नवं धुळं आखून वसवलं. पण आईचे गुडघे गेले आणि लाकडी जिना चढणं बंद झालं. वरच्या माडीवर ती कित्येक महिने गेलीच नाही. आता कांदिवलीला भावाकडे बाविसाव्या मजल्यावर असते. लिफ्टनं खाली येते, बागेत बसते, वारा भरपूर, डास नाहीत. ती सुखात आहे. लिफ्ट नसलेलं जुनं घर म्हाताऱ्या माणसाला कोंडून ठेवतं, हेही लिहून ठेवा.

चोपड्याची लेक, सिंगापूर
धुळेकर, पटलं. आणि दोन्ही साधता येतं. सिंगापूरची बहुतेक माणसं सरकारनं बांधलेल्या उंच इमारतींतच राहतात. डक्स्टन भागात तर पन्नास मजली आहेत. पण बहुतेक जुन्या इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. खांब, छत, बाकं, दगडी टेबलं. म्हातारे तिथे बुद्धिबळाचा डाव मांडतात. मलय कुटुंबांची लग्नं तिथेच लागतात आणि चिनी घरात कुणी गेलं तर शोकाला जमणारी माणसंही तिथेच बसतात. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या, खाली शेजारणींमध्ये बसल्या. भाषा येत नव्हती, तरी तासभर उठल्या नाहीत.

जुन्या चायनाटाउनमध्ये दुकानांपुढे सलग छप्पर असलेली पायवाट आहे, पाच फूट रुंद. 1822 मध्ये इंग्रज अधिकारी रॅफल्सनं तशी सक्तीच केली होती. ऊन असो, पाऊस असो, छत्री न उघडता चालता येतं. आपल्याकडे टॉवरचा तळमजला म्हणजे फक्त पार्किंग. तिथे चार खाटांची जागा सोडायला काय जातं?

अमळनेरकर, सुरत
मी अमयनेरना, आते सुरतले ऱ्हास. पुढचं मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. आमच्याकडे 2023 ला डायमंड बोर्स, म्हणजे हिऱ्यांच्या व्यापाराचं संकुल, सुरू झाला. पंधरा मजल्यांचे नऊ टॉवर आणि त्यांना जोडणारी मधली लांब मार्गिका. मी तिथे पाइपलाइनच्या कामावर होतो. ती मार्गिका अशी आखली आहे की वाहता वारा आत खेचला जातो. मार्गिकेत उभं राहिलं की तो अंगाला लागतो. म्हणजे काचेचं शहरही वाऱ्याचा विचार करू शकतं. उधन्याच्या आमच्या चाळीत मात्र पत्रे तापतात आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

नंदुरबारचा विद्यार्थी, इटलीत शिकतो
बोलोन्याचं सांगतो. हे जुनं शहर स्वतःच एके काळी टॉवरचं होतं. बाराव्या शतकातला असिनेल्ली मनोरा 97 मीटर आहे. पण शहर ओळखलं जातं ते पोर्टिकोंसाठी, म्हणजे घरांखालच्या कमानदार पडव्या. सगळ्या मिळून 62 किलोमीटर. 1288 च्या कायद्यानं नव्या घराला पोर्टिको बंधनकारक झाला, आणि उंची घोडेस्वार जाईल इतकी. मी कॉलेजला जातो तो जवळजवळ पूर्ण रस्ता सावलीत.

धागाकर्ती
त्या पडव्यांची मालकी कुणाची?

नंदुरबारचा विद्यार्थी
घरमालकाची. चालायचा हक्क मात्र सगळ्यांचा. म्हणूनच विचारतो, जळगावात नवा टॉवर मंजूर करताना रस्त्याकडेला दहा फूट पडवी मागता येईल का? कुणी नगररचनेत काम करत असेल तर सांगा.