बाबांच्या स्मरणार्थ दुर्मिळ पुस्तकाचं जतन: पैसे कुठे द्यावेत?

डोंबिवली_फास्ट_नाही
मार्चमध्ये बाबांचं वर्षश्राद्ध. आयुष्यभर मराठी शिकवलं, निवृत्तीनंतर रोजची दुपार ग्रंथालयात. आई म्हणते जेवणावळी नकोत, एखाद्या जुन्या पुस्तकाच्या दुरुस्तीला पैसे दे. साठेक हजार बाजूला काढलेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत पुस्तक दत्तक घेता येतं, म्हणजे त्याच्या दुरुस्तीचा खर्च उचलता येतो, असं कळलं. तिथल्या इटालियन कवी डान्टेच्या हस्तलिखितासाठी देऊ का? अमेरिकेतल्या भावालाही वाटा उचलायचाय. जाणकारांनी सांगावं.

पोथीनिष्ठ
एशियाटिक उत्तम, पण डान्टेचा नाद सोडा! चौदाव्या शतकातलं ते हस्तलिखित कडीकुलपात आहे आणि त्याची आठवण काढायला जगभरातले लोक आहेत. सोसायटी आहे त्या टाऊन हॉलच्या ३० पायऱ्या चढून जा आणि १८६० ते १९२० मधलं एखादं मराठी पुस्तक मागा, ज्याचं नाव कुणी घेत नाही असं. वडील मराठीचे मास्तर होते म्हणता, मग इटालियन कशाला?

खळ_आणि_कागद
पोथीनिष्ठ यांना +१. कागद-दुरुस्तीत वीस वर्षं काढलीत, म्हणून जरा लांबण लावतो.

जुनं तेवढं जीर्ण, हा गैरसमज. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, म्हणजे चिंध्यांच्या लगद्याचा कागद. त्या काळची पानं अजून मुडपता येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आला. त्यात राळ आणि तुरटी, म्हणजे आम्ल कागदाच्या पोटातच. मुंबईची दमट हवा त्यात भर घालते. पान आधी तपकिरी होतं, मग कडेने पापडासारखं मोडतं. तेव्हा आजोबा धडधाकट आणि नातू अंथरुणावर, अशी गत आहे.

काम असं चालतं. शिवण उसवून पानं सुटी करायची, मऊ ब्रशने कोरडी धूळ काढायची, शाई पाण्याने पसरते का ते एका कोपऱ्यात पाहायचं. पसरत नसेल तर आम्ल मारायला कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं पाणी, म्हणजे आपली चुन्याची निवळीच. मग फाटलेल्या जागी जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. पुन्हा शिवण आणि शेवटी आम्लरहित पेटी. सगळ्यात जास्त वेळ खातो तो आधीच्या हौशी लोकांनी लावलेला सेलोटेप. तो काढताना अक्षरंसुद्धा येतात हाती.

पैसे देण्याआधी विचारा: केलेली दुरुस्ती पुढे उलटवता, म्हणजे पानाला धक्का न लावता काढता, येईल का? मूळ पुठ्ठा ठेवणार का? आधीचे-नंतरचे फोटो मिळतील का? आणि बाबांच्या नावाची चिठ्ठी पेटीच्या झाकणाला आतून लावायला सांगा, पानाला नको.

सातारी_कंदी
वरचे प्रश्न लेखी विचारा हो. आम्ही एका वाचनालयाला (नाव नको) आजोबांच्या नावे पैसे दिले. त्यांनी पुस्तक थेट बाइंडरकडे धाडलं. त्याने तिन्ही कडा कापल्या, समासातली कुणा जुन्या वाचकाची टिपणं अर्धी गेली, मुखपृष्ठ रद्दीत आणि वर लाल रेक्झिन. त्यावर आजोबांचं नाव सोनेरी अक्षरात! आजी अजून तो फोटो बघत नाही.

हिशेबी_माणूस
८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, पावती मागा, पण वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. २,००० रुपयांवर रोख दिलं तर तीही नाही, तेव्हा चेक किंवा ऑनलाइन. भावाचा पासपोर्ट भारतीय असेल तर तो आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो, ती विदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकन नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी, संस्थेकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे विदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी, हवी. तेवढं आधी विचारून घ्या.

पुणेकर_क्षमस्व
पोथ्यांची ओढ असेल तर भांडारकर संस्था. तिथल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद झाली. (इथेही डान्टेचाच नियम: त्या ३० सोडून मागा.) छापील मराठीसाठी तुम्हाला जवळचं म्हणजे ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३चं. ग्रंथपालांना एवढंच विचारा: वाचक मागतो, पण मोडेल म्हणून देता येत नाही, असं कुठलं पुस्तक आहे?

डोंबिवली_फास्ट_नाही
मनापासून आभार सगळ्यांचे. शनिवारी ठाण्याला जाऊन पुणेकरांचा प्रश्न जसाच्या तसा विचारणार. भाऊ अजून भारतीय पासपोर्टवरच आहे, तो प्रश्न मिटला. सातारीताई, तुमचा किस्सा आईला वाचून दाखवला. तिने एकच विचारलं: दुरुस्त झाल्यावर वाचायला देतील ना?

खळ_आणि_कागद
देतात की. तिथेच बसून, टेबलावर. हात धुऊन जायचं आणि पेन बाहेर ठेवायचं. पेन्सिल चालते.