टॅली ईआरपी ९ वरून थेट ताज्या टॅली प्राइमवर: 'दोन तासांचं काम' म्हणणाऱ्यांसाठी

म्हापसा_लेजर

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या ईआरपी ९ मधला डेटा नव्या प्राइममध्ये नेण्याबद्दल (म्हणजे मायग्रेशन) काल काणकोण_ट्रेडर यांनी इथे ठोकून दिलं: "ईआरपी ९ वाले उगाच घाबरतात. ताजं प्राइम टाका, कंपनी (टॅलीतली धंद्याच्या हिशेबाची फाइल) उघडा, मायग्रेट दाबा, दोन तासांत मोकळे. टप्पे पाडायला सांगणारे पार्टनर (टॅलीचे विक्रेते) नुसतं बिल वाढवतात." खाली लोक वाहवा करतायत.

मायग्रेट दाबायला दहा मिनिटंसुद्धा पुरतात. काम त्याच्या आधी आणि नंतर असतं. प्राइम ३.० पासून जीएसटीची आतली मांडणीच बदलली. ईआरपी ९ मध्ये चालून गेलेल्या गोष्टी, म्हणजे पार्टीच्या लेजरमध्ये (खात्यात) राज्य रिकामं, एचएसएन (मालाचा कोड) नाही, टॅक्सचा आकडा हाताने मारलेला, त्या इकडे आल्या की 'अनसर्टन ट्रान्झॅक्शन्स'मध्ये (अपुऱ्या माहितीमुळे अडकलेल्या व्यवहारांच्या यादीत) जाऊन बसतात. जुलै २०१७ पासूनच्या. ज्याने आधी साफसफाई केली नाही, त्याला पुढचं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरायच्या दिवशी ती यादी दिसते.

म्हणून आधी डेटा नेमका कुठल्या रिलीजवर आहे ते बघा. जुन्या टॅली ७.२ चा असेल तर तो टूलने ईआरपी ९ मध्ये आणावा लागतो. ईआरपी ९ असेल तर आधी ६.६.३ वर या, कंट्रोल+ऑल्ट+आर ने रीराइट (डेटा नव्याने लिहून दुरुस्त) करा आणि मगच पुढे. रीराइटलाच 'मेमरी ॲक्सेस व्हायोलेशन' आलं तर डेटा आधीच बिघडलेला आहे. तो तसाच प्राइममध्ये ढकलू नका.

वेळ २१ तारखेनंतरची. ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी (कर भरायचं मासिक रिटर्न). मधल्या दिवसांत हात लावायचा नाही. आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्यात तर नाहीच, अडकलात तर फोन उचलायला कोणी नसतं.

काणकोण_ट्रेडर

एवढं लांबलचक लिहून शेवटी काय, ईआरपी ९ चा डेटा प्राइम थेट घेतं, हे तुम्हीही नाकारलं नाहीत! मायग्रेशनच्या आधी बॅकअपचा रस्ता तेच विचारतं. प्राइमच्या मधल्या आवृत्त्या एकेक करून टाकायला सांगणारे आहेतच ना? त्यांच्याबद्दल मी लिहिलं. एका भुसारी दुकानाच्या डेटाला ६.६.३ चा सोपस्कार कशाला?

म्हापसा_लेजर

प्राइम १, २, ३ असे थांबे घ्यायला मी कुठे सांगितलं? गरज नाहीच, एवढं तुमचं बरोबर. घ्या, दिलं. पण प्राइमच्या बॅकअपवर विसंबू नका. त्यात फक्त कंपनीचा डेटा जातो. टॅली.आयएनआय (सेटिंगची फाइल), टीडीएलच्या (टॅलीत हवे ते बदल करणाऱ्या कोडच्या) फाइली, बिलावरचा लोगो त्यात नसतो. टॅली बंद करून पूर्ण फोल्डर दोन ठिकाणी कॉपी करा, त्यातली एक कॉपी मशीनबाहेर. आणि मायग्रेशन नेटवर्कच्या ड्राइव्हवरून नको. डेटा लोकल डिस्कवर आणायचा, यूपीएसवर. पावसात आपल्याकडची वीज कशी आहे ते वेगळं सांगायला नको.

फोंडा_बुक्स

दोघांचंही चुकतंय. मायग्रेट करायच्या आधी डेटा स्प्लिट करा! दहा वर्षांचं ओझं एका कंपनीत घेऊन पुढे जायचं कशाला? १ एप्रिलला तोडा, जुनं ईआरपी ९ मध्येच बघायला ठेवा, प्राइममध्ये नुसतं चालू वर्ष.

म्हापसा_लेजर

आणि स्प्लिटच्या आधी 'व्हेरिफाय' काय म्हणतं? पेंडिंग सेल्स बिल, पेंडिंग पर्चेस बिल, ॲडजस्ट न केलेला फॉरेक्स (परकी चलनाच्या दरातला फरक). डॉलर-युरो घेणाऱ्या हॉटेलच्या फाइलमध्ये शेवटची ओळ येणारच. जर्नल मारून तो फरक मिटवल्याशिवाय नवी ओपनिंग (सुरुवातीची शिल्लक) बरोबर येत नाही. शिवाय जीएसटीची वह्या-कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. तोपर्यंत जुनं ईआरपी ९ चालेल असं मशीन सांभाळणार का? स्प्लिटला ना नाही, पण मायग्रेट करून, ताळा जुळवून, मग.

बार्देश_बारवाला

तुमच्या याद्यांत दारू कुठे आहे? अर्ध्या गोव्याचा धंदा तोच आणि सल्ले सगळे जीएसटीचे. दारूवर व्हॅट, जेवणावर जीएसटी, आणि बिल एकच. आयटमच्या जीएसटी तपशिलात 'नॉन-जीएसटी' लावलेलं नसेल तर फेणी आणि बिअर दर नसलेला माल म्हणून अनसर्टनमध्ये ढिगाने पडते. ती जीएसटीआर-१ च्या तक्ता ८ मध्ये आणि ३बी च्या ३.१ (इ) मध्ये दिसायला हवी. हे ईआरपी ९ मध्येच, स्टॉक ग्रुपच्या पातळीवर दुरुस्त करा. एकेक आयटम उघडत बसलात तर डिसेंबरचा सीझन येईल.

काणकोण_ट्रेडर

हे मात्र उपयोगाचं. धाग्यात पहिल्यांदाच.

मडगाव_ऑडिट

मूळ मुद्दा कोणी बोलतच नाही. लोक ईआरपी ९ सोडत नाहीत त्याचं कारण एडिट लॉग, म्हणजे कोणी कधी काय बदललं त्याची नोंद! तिकडे मागच्या तारखेचं व्हाउचर बदललं तर सहसा कोणाला कळत नाही. प्राइममध्ये गेलं की सगळं उघडं. घ्यायचं तर एडिट लॉगवालीच आवृत्ती सगळ्यांना सक्तीची आहे, हे सांगा की!

बार्देश_बारवाला

सक्ती सगळ्यांना? कुठला नियम, पात्राव?

मडगाव_ऑडिट

कंपनी (लेखा) नियम, ३(१), १ एप्रिल २०२३ पासून. वाचा.

म्हापसा_लेजर

वाचला आहे, म्हणून विचारतो: त्यात 'कंपनी' शब्द आहे ना? प्रोप्रायटर, भागीदारी, एलएलपी, सहकारी सोसायटी यांना तो लागू नाही. मडगावच्या कापडदुकानदाराला सक्तीची भीती घालून एडिट लॉगवाली आवृत्ती गळ्यात मारू नका. साध्या प्राइममध्येही एफ११ मधून लॉग सुरू करता येतो आणि बंदही करता येतो. एडिट लॉगवाल्या आवृत्तीत तो बंद होत नाही. फरक एवढाच.

मडगाव_ऑडिट

एवढाच?! प्रायव्हेट लिमिटेडसाठी तोच फरक जिवावरचा आहे. नियमाला बंद न करता येणारा लॉग हवा. ऑडिटरला ऑडिटच्या नियमांतल्या ११(जी) खाली तो वर्षभर चालू होता का, छेडछाड झाली का, हे अहवालात लिहावं लागतं. तुमचे ग्राहक २०२३-२४ पूर्ण ईआरपी ९ मध्ये चालले असतील तर आज मायग्रेट करून त्या वर्षाचा लॉग जन्माला येत नाही. जुनी व्हाउचरं इतिहासाविना येतात. मग शेरा बसतो आणि मालक आमच्यावर भडकतात.

फोंडा_बुक्स

भडकणारच. मार्चएंडला शंभर व्हाउचरं सुधारायला ऑडिटरच सांगतात, मग लॉगमध्ये त्याच शंभर नोंदी बघून नाक मुरडतात!

मडगाव_ऑडिट

सुधारणा केल्याबद्दल कोणी नाक मुरडत नाही. नरेशनमध्ये कारण लिहा, झालं. लपवायचं काही नसेल तर लॉगची भीती कसली?

फोंडा_बुक्स

"लपवायचं काही नसेल तर." वा. आम्ही सगळे चोर, तुम्ही तेवढे साव. चालू द्या.

म्हापसा_लेजर

भांडण बाजूला ठेवा, कामाचं एवढंच: प्रायव्हेट लिमिटेड असाल तर मायग्रेशन थेट एडिट लॉग आवृत्तीतच करा, आणि वर्षाच्या मधे नको, १ एप्रिलला. लॉग पूर्ण वर्षाचा मिळतो.

काणकोण_ट्रेडर

म्हणजे एप्रिलमध्येच! मग २१ तारखेचं काय झालं?

म्हापसा_लेजर

२१ तारीख बाकीच्यांसाठी. कंपन्यांनी २१ ते ३१ मार्चमध्ये कॉपीवर तालीम करायची, १ ला खरं. तालमीत प्रत्येक ३१ मार्चची ट्रायल बॅलन्स, गोदामवार स्टॉक, बिलवार येणी आणि 'स्टॅटिस्टिक्स'मधला व्हाउचरचा प्रकारवार आकडा दोन्हीकडे काढून ताडून बघा. ट्रायल जुळली म्हणून थांबू नका, बीआरएसमधल्या (बँकेशी ताळ्यातल्या) बँक-तारखाही बघा.

दोना_पावला_आयटी

टीडीएल राहिलं. बिलाचा फॉरमॅट .टीसीपी (कंपाइल केलेल्या टीडीएल) मध्ये असेल आणि सोर्स (मूळ कोड) बनवणाऱ्याकडेच असेल तर तो आधी मागून घ्या, .टीसीपी उघडून दुरुस्त करता येत नाही. प्राइमचे रिपोर्ट आतून वेगळे आहेत, जुना टीडीएल एकतर चूक दाखवतो किंवा गुपचूप काहीच करत नाही. दुसरं वाईट. ३२ बिटचं विंडोज असेल तर प्राइम बसणारच नाही, हेही आधी बघा. टीएसएस (टॅलीच्या अपडेटची वर्गणी) संपलेलं असेल तर नूतनीकरण मायग्रेशनच्या आधी, नंतर नाही.

काणकोण_ट्रेडर

बरं, दोन तास नाही, दोन दिवस म्हणा. पण गोल्ड (अनेक मशीनच्या) लायसन्सवर चार मशीन असतील तर चारही एकाच दिवशी बदलायची का, ते अजून कोणी सांगितलं नाही.

दोना_पावला_आयटी

एकाच दिवशी. डेटा मायग्रेट झाला की जुन्या आवृत्तीच्या मशीनवर ती कंपनी उघडत नाही. आधी सर्व्हर, मग बाकीची तीन. लायसन्स सर्व्हरचा पोर्ट ९९९९ फायरवॉलमध्ये पुन्हा उघडा, नाहीतर तिन्ही मशीन एज्युकेशनल मोडमध्ये (लायसन्सविना, शिकण्यापुरत्या) उघडतील.