खेड्यातल्या नवराबायकोनं परदेशात फिरायला जाऊच नये का?

लेक वर्ध्याची
काल इथं एकानं लिहिलं, "घरी कापूस वेचायला माणूस नाही अन् पोट्ट्यांना हनिमूनला परदेश पाहिजे. इंग्रजी येत नाही, विमान पाहिलं नाही. चिखलदरा काय वाईट आहे?" वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते. चिखलदरा वाईट नाहीच. पण वरातीत डीजे अन् फटाक्यांवर पैसा उडतो तेव्हा कोणालाच कापूस आठवत नाही. दोघंच बाहेर जातो म्हटलं की सगळ्यांना शेती आठवते.

नवख्यांनी आधी महिना पाहावा, मग देश. आपल्याकडची लग्नं एक तर तुळशीच्या लग्नानंतर, नाहीतर अक्षय तृतीयेच्या आगेमागे. डिसेंबरात थायलंडचं फुकेत, क्राबी किंवा श्रीलंकेचा दक्षिण किनारा छान. मे महिन्यात तिकडे पावसाळा लागतो, म्हणून तर पॅकेज स्वस्त दिसतं. तेव्हा बाली कोरडं असतं. व्हिएतनामचा एकदा जाण्याचा ई-व्हिसा सरकारी साइटवर 25 डॉलरला मिळतो, तशाच दिसणाऱ्या खाजगी साइटी कितीतरी जास्त उकळतात. मालदीवला व्हिसा पोचल्यावर फुकट. रिसॉर्ट झेपत नसेल तर माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर साधं गेस्टहाऊस घ्यावं. यात इंग्रजी किती लागतं?

सोयाबीनवाला
ते पोस्ट माझंच होतं. ताई, नागपूरहून बाहेरची विमानं म्हणजे मुख्यतः आखाताची. बालीसाठी आधी मुंबई नाहीतर कोलकाता गाठा, तो खर्च कोन धरते? 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये. सरकारी खरेदी केंद्रावर 12 टक्क्यांच्या वर ओलावा निघाला की माल परत, मग व्यापारी मनाला येईल तो भाव देते. मी पोतं उतरवून रात्रभर तिथंच झोपलो आहे. मले फिरायचे सल्ले नका देऊ.

लेक वर्ध्याची
भावाची लूट खरीच आहे, त्यावर मी तुमच्यासोबत आहे. पण ज्याच्याकडे बाजूला ठेवलेले पैसे आहेत त्यानंही जाऊ नये, हे कुठून आलं?

गोंदियावाला
नेपाळ काहून सांगत नाही कोणी? नागपूरहून गोरखपूरला थेट रेल्वे आहे, पुढे सोनौली सीमा, तिथून बसनं पोखरा. व्हिसा नाही. विमानानं गेलात तर पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र ठेवा, आधार चालत नाही. फेवा तलावात होडीत बसलं अन् समोर बर्फाचे डोंगर दिसले, बायको कितीतरी वेळ बोललीच नाही.

सोयाबीनवाला
हे पटण्यासारखं आहे.

दारव्ह्याची सून
एक गोष्ट कोणी बोलतच नाही. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा. घरच्यांनी हौसेनं एजंटला लग्नानंतरचं नाव दिलं, त्यानंही पासपोर्ट न पाहता तिकीट काढलं. मुंबईच्या काउंटरवर त्या बाईनं एक बोट पासपोर्टवर, एक तिकिटावर ठेवून अक्षर अक्षर जुळवलं. वडिलांच्या नावापाशी बोट थांबलं. विमान आमच्याशिवाय गेलं. एजंट म्हणाला, "तुमीच नाव दिलं." नवीन पाटल्या मोडून पुन्हा तिकीट काढलं.

मास्तर, पुसद
म्हणूनच लग्न झाल्याबरोबर मुलीनं सगळे कागद नव्या नावानं करावे. जुनं नाव धरून बसायचं तर लग्न करताच कशाला?

दारव्ह्याची सून
मास्तर, तुम्ही वडिलांच्या जागी, पण हे बोलणं लागलं. माझी दहावीची सनद, बँक, पॅन, सगळं त्या नावावर आहे. तुम्हाला एकदा तरी नाव बदलावं लागलं का?

लेक वर्ध्याची
नाव बदलणं सक्तीचं नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट मुदतीपर्यंत चालतो. तिकीट, व्हिसा, हॉटेल सगळं त्याच नावानं घ्यायचं, एवढंच. बदलायचाच तर पुन्हा अर्ज, 36 पानी साध्या पासपोर्टचे पुन्हा 1500 रुपये, अन् लग्नाच्या घाईत पुन्हा वाट पाहणं.

मास्तर, पुसद
कायदा मला शिकवू नका. घराण्याचं नाव म्हणूनही काही असतं.

गोंदियावाला
बायकोच्या नावात तिचा बाप आहे अजून. आमच्या घराण्याचं काहीच गेलं नाही मास्तर. बाईमाणसावर आवाज चढवू नका इथं.

मास्तर, पुसद
आवाज मी चढवला नाही. तिकिटापुरतं तुमचं खरं धरतो, पासपोर्टवर असेल तेच नाव टाकावं. बाकी माझं मत तेच.

सोयाबीनवाला
सगळे नावावरच भांडून राहिले. माझं म्हणणं एवढंच, कर्ज काढून कोणी जाऊ नये. हप्त्यावर हनिमून विकणारे तालुक्यापर्यंत आले आहेत. पैसे साठवून जात असेल तर माझी ना नाही. लहान्या भावाचं लग्न वैशाखात आहे, मुलगी बी.एस्सी. झालेली. तिच्या घरी सांगतो, पासपोर्ट आताच काढा, तिच्या आहे त्याच नावानं. गोंदियावाले भाऊ, मे महिन्यात पोखऱ्याहून डोंगर दिसते का?

गोंदियावाला
पहाटे नशीब असलं तर दिसते, दिवस चढला की ढग. स्वच्छ पाहायचे तर दिवाळीनंतर जावं.