फॉर्म डीच्या आधीचे मालक

काहीजण म्हणतात की पणजीतल्या घराच्या जागेचा इतिहास फॉर्म डीवरच्या, म्हणजे सिटी सर्व्हेच्या मालकी उताऱ्यावरच्या, पहिल्या नावापासून सुरू होतो. हे पटत नाही. त्यावरचे चलता नंबर (जागेचा क्रमांक) आणि पी.टी. शीट (नकाशाचं पान) ही गोवा मुक्तीनंतरच्या सिटी सर्व्हेची देणगी, 1968 च्या महसूल कायद्याखालची. त्याआधीची माणसं पोर्तुगीज नोंदणीच्या 'देस्क्रिसांव'मध्ये, म्हणजे जागेच्या वर्णनाच्या नोंदीत, सापडतात.

पणजीच्या मळा भागातल्या आमच्या घराचं तसंच झालं. आमच्या जागेच्या नोंदीचं पान वाळवीनं खाल्लेलं. मग शेजारच्या घराची नोंद काढली. तिच्यात चतुःसीमा दिलेल्या असतात, कुठल्या दिशेला कोणाची जागा ते. पश्चिमेला जे नाव होतं, ती आमचीच जागा! तिथे तेव्हा माडांचं भाट (बागायत) होतं, घर नव्हतंच. पुढे एका किरिस्तांव (ख्रिस्ती) कुटुंबाने घर बांधलं, ते आफ्रिकेला गेल्यावर भाडेकरू आले आणि मग आमचे पणजोबा. मालकांचा हा क्रम जुळला तो वारसांच्या 'इन्व्हेंतार'मुळे, म्हणजे वाटणीच्या कागदांमुळे; त्यात वाटणीसोबत मालमत्तेची यादी असते. तेव्हा स्वतःची नोंद मिळाली नाही तर चारही शेजाऱ्यांच्या नोंदी आवर्जून वाचा. भाडेकरू मात्र या नोंदींत दिसत नाहीत, ते म्हाताऱ्यांनाच विचारावे लागतात, आणि लवकर.